मालाडच्या सावल्या

'महल'मध्ये भूत नाही. चित्रपट १९४९ सालचा आहे, तेव्हा शेवट फोडला म्हणून कुणी रागावू नये. पंचाहत्तर वर्षं पुरेशी झाली!

दिग्दर्शक कमाल अमरोही (त्यांचा पहिलाच चित्रपट), अशोककुमार आणि मधुबाला, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, निर्मिती बॉम्बे टॉकीजची. बहुतेकांना तो 'आएगा आनेवाला' या गाण्यापुरता माहीत असतो. गाणं ऐकलेले शंभर आणि चित्रपट पूर्ण पाहिलेले पाच, असा साधारण हिशोब. म्हणून आधी गोष्ट थोडक्यात सांगतो.

हरिशंकर नावाचा तरुण वकील अलाहाबादजवळचा एक जुना महाल विकत घेऊन तिथं राहायला येतो. म्हातारा माळी सांगतो की ज्यानं हा महाल आपल्या प्रेयसीसाठी बांधला तो बुडून मेला आणि ती कामिनीही त्याच्यामागे गेली. भिंतीवर त्या माणसाची तसबीर, आणि चेहरा हुबेहूब हरिशंकरचा. मग रात्री गाणं ऐकू येतं, झोपाळ्यावर, होडीत एक बाई दिसते. हरिशंकरच्या मनात पक्कं बसतं की आपण तोच, मागच्या जन्मीचा. घरचे त्याचं लग्न रंजनाशी लावून देतात, पण हा तिच्याकडे बघतसुद्धा नाही. शेवटी कळतं की 'कामिनी' ही माळ्याची मुलगी आशा. ती जिवंत आहे. त्या गोष्टीत रमून तीच कामिनी झालेली.

म्हणजे घाबरायला काय उरलं? उरतं ते हे, की भूत नसताना एक शहाणा, शिकलेला माणूस भूत असावं असं मनापासून मागतो. मला कवटी-रक्ताच्या चित्रपटांची कधीच फारशी भीती वाटली नाही. 'महल'ची मात्र वाटते, अजूनही. आणि तो दर वेळी पाहताना दोन गोष्टी डोक्यात येतात. एक मालाड, दुसरी आमची काकू. काकूचं नंतर.

मी बोईसरचा. नोकरीच्या वर्षांत शटलनं विरार आणि तिथून लोकलनं अंधेरी, असा प्रवास पुष्कळ केला. (डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. आमच्या पिढीचं अर्धं आयुष्य विरारला गाडी बदलण्यात गेलं.) बोरिवली, कांदिवली, मालाड. रोज दोनदा मालाड. हिंदी चित्रपटातल्या भीतीला ज्या सावल्या मिळाल्या त्या या स्टेशनापासून जवळच तयार झाल्या, हे त्या गर्दीत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी नीट उभं राहायला जागा दे म्हणालो असतो.

हकीकत सुरू होते १९२५ साली, म्यूनिकमध्ये. हिमांशु राय नावाचा बंगाली तरुण बुद्धाच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा म्हणून तिथल्या एमेल्का स्टुडिओकडे गेला. त्यातून 'प्रेम संन्यास' झाला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, आणि कॅमेऱ्यावरच्या माणसांत बाविशीतला जोसेफ विर्शिंग. चित्रीकरणासाठी ही जर्मन मंडळी भारतात आली. गंमत अशी, की त्याच १९२५ साली एक इंग्रज पोरगा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित करायला याच एमेल्कात आला होता. त्याचं नाव आल्फ्रेड हिचकॉक. चित्रपटाचं नाव 'द प्लेझर गार्डन'. दोघांची कधी गाठ पडली का, हा प्रश्न मला फार सतावतो. पण पुढे भीतीच्या धंद्यात जगभर नाव काढणारा माणूस आणि मालाडला 'महल'वर प्रकाश टाकणारा माणूस एकाच कारखान्यातून बाहेर पडले, एवढं तरी खरं!

१९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. जर्मन मंडळी पुन्हा आली, या वेळी मुक्कामाला. ऑस्टेन दिग्दर्शनाला, विर्शिंग कॅमेऱ्याला, कार्ल फॉन श्प्रेती सेटच्या आखणीला, विल्हेल्म झोले प्रयोगशाळेत. शिवाय लेन हार्टली हा इंग्रज आवाजासाठी. अशोककुमारही सुरुवातीला तिथं लॅबमध्येच होते, नट झाले ते १९३६ साली आणि तेही काहीसे नाइलाजानं. कंपनीचा पहिला चित्रपट 'जवानी की हवा' (१९३५) ही चक्क आगगाडीत घडणारी खुनाची रहस्यकथा होती. शाळेच्या पुस्तकात बॉम्बे टॉकीज म्हटलं की 'अछूत कन्या' येतो, आणि ते योग्यच आहे, पण सुरुवात खुनानं झाली हे विसरू नये.

मग १९३९ साली महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारनं जर्मन नागरिकांना नजरकैदेत टाकलं. ऑस्टेन हा नाझी पक्षाचा सदस्य होता. तो पुढे जर्मनीला परतला आणि पुन्हा आला नाही. विर्शिंगची युद्धाची वर्षं छावणीत गेली. १९४० साली हिमांशु राय वारले, १९४५ साली देविका राणी सोडून गेल्या. पडझड सुरू झाली. अशोककुमार आणि सावक वाच्छा यांनी डोलारा सावरायचा प्रयत्न केला आणि त्या धडपडीतला एक चित्रपट म्हणजे 'महल'. कॅमेऱ्यामागे पुन्हा विर्शिंग. १९५४ च्या सुमारास कंपनी संपली. आज त्या जागेत छोटे कारखाने आणि गाळे आहेत, नाव मात्र बॉम्बे टॉकीज कंपाउंड असंच चालतं. आमच्या बोईसरच्या एमआयडीसीत पत्र्याच्या शेड जशा एकाला एक चिकटून आहेत, तसंच.

आता उधारीचा हिशोब.

जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर जे चित्रपट निघाले त्यात 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी' (१९२०) सगळ्यांत प्रसिद्ध. भिंती तिरक्या, खिडक्या वाकड्या, आणि सावल्या तर चक्क रंगानं पडद्यांवर काढलेल्या. आणि शेवटी प्रेक्षकाला कळतं की गोष्ट सांगणारा माणूसच वेड्यांच्या इस्पितळात आहे. म्हणजे आपण इतका वेळ पाहिलं ते जग होतं की एका डोक्यातलं जग? मानसिक भयपट म्हणून आपण आज ज्याला ओळखतो त्याचं मूळ मला या प्रश्नात दिसतं. दोन वर्षांनी मुर्नाऊचा 'नोस्फेरातू' आला. त्यात जिन्यावरून चढत जाणारी नुसती सावली आहे. माणूस दिसायच्या आधी सावली दिसली पाहिजे, हा धडा तिथला.

मात्र सरसकट 'जर्मन छाप' म्हणून मोकळं होऊ नये असं मला वाटतं. कॅलिगरी आणि नोस्फेरातू ही बर्लिनकडची मंडळी. विर्शिंग म्यूनिकचा, आणि त्याच्या कामात मुळात झाडं, नदी, चेहरे यांची हौस जास्त. 'अछूत कन्या' पाहिला तर लक्षात येईल, उजेड किती प्रसन्न आहे ते. काळोख कसा करायचा हे त्याला ठाऊक होतं, पण त्याची गरज असलेली गोष्ट त्याला मिळाली ती 'महल'मध्ये.

आणि काय काळोख केलाय! प्रकाश एकाच बाजूनं, कडक. अशोककुमारचा अर्धा चेहरा दिसतो, अर्धा नाही. खांब, कमानी, जिना यांच्या सावल्या त्याच्यापेक्षा मोठ्या. मधुबाला (वय फक्त सोळा) जाळीतून, झाडाआडून, धुक्यातून, लांबून दिसते. जवळ येईपर्यंत चित्रपटाचा बराच भाग संपलेला असतो. कॅलिगरीत सावल्या रंगवल्या होत्या, कारण वेडेपणा भिंतीवर दाखवायचा होता. इथं महाल अगदी साधा, खराखुरा वाटतो, वेडेपणा फक्त उजेडात आहे. दिवसा तोच महाल पाहिला तर भाड्यानं घ्यावासा वाटेल.

हॉलिवूडमध्येही हाच काळोख त्याच रस्त्यानं पोचला. हिटलर आल्यावर फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक यांच्यासारखे दिग्दर्शक देश सोडून गेले आणि चाळीसच्या दशकातले अमेरिकन गुन्हेपट काळेकुट्ट झाले. त्यामुळे 'महल'चा प्रकाश हॉलिवूडवरून उचलला असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. दुकान एकच, माल दोन बंदरांवर उतरला. आपल्याकडे तर तो आधी उतरला!

गोष्टीचं उलट आहे. मेलेल्या बाईच्या नादी लागलेला पुरुष, आणि ती बाई म्हणजे सोंग घेतलेली जिवंत बाई. ओळखीचं वाटतंय ना? हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. पण तो १९५८ सालचा, ज्या फ्रेंच कादंबरीवर बेतला ती १९५४ ची, आणि 'महल' १९४९ चा. हिचकॉकनं 'महल' पाहिला असेल असं मी अजिबात म्हणत नाही. साम्य दिसलं की लगेच 'ढापलं' म्हणायची जी सवय आपल्याला लागली आहे (आणि हिंदी चित्रपटांनी ती लावली आहे, हेही खरं), ती इथं उपयोगाची नाही, एवढंच. पुनर्जन्म ही कल्पना तर आपल्याला कुणाकडून उसनी आणायचीच नव्हती. घरातच होती. अमरोहींनी तिचा उपयोग मात्र वेगळा केला. इतरांकडे पुनर्जन्म खरा असतो. इथं तो एका माणसाचा ध्यास आहे, आणि त्याची किंमत दुसरीच बाई मोजते.

गाणंही इथलंच. विशीच्या आसपासची लता मंगेशकर, फारशी नावारूपाला न आलेली. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून ती खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आली, हा किस्सा तिनं स्वतः अनेकदा सांगितला आहे. तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं 'कामिनी'! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाणारी कोण? जर्मन भयपट मुके होते. त्यांच्याकडे सावली होती, आवाज नव्हता. बाई दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, ही भर मालाडची.

त्यानंतर ही तऱ्हा आपल्याकडे रुळली. 'महल'चे संकलक होते बिमल रॉय. त्यांनी १९५८ साली 'मधुमती' केला, पुनर्जन्म खरा ठरवून. बीरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२) बास्करव्हिलच्या कुत्र्यावरून, पण कुत्र्याच्या जागी गाणारी बाई. राज खोसलांचा 'वह कौन थी?' (१९६४), त्यात एका डॉक्टरला वेडं ठरवायचा कट. सगळीकडे रात्र, धुकं, पांढरी साडी आणि लताचा आवाज. पुढं पुढं ते इतकं झालं की पांढरी साडी दिसली की लोक हसायला लागले.

आणि मराठीत 'हा खेळ सावल्यांचा', १९७६. वसंत जोगळेकरांचं दिग्दर्शन, काशिनाथ घाणेकर, आशा काळे. माझ्या वयाच्या माणसांना नुसतं 'नरसूचं भूत' म्हटलं तरी पुरे. त्याचा शेवट मात्र सांगत नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांची मजा का घालवा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. म्हणजे १९४९ साली बहिणीनं घाबरवलं आणि २७ वर्षांनी भावानं! त्यातल्या महेंद्र कपूरनं गायलेल्या गाण्याचे शब्द घेऊन २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली, हे नव्या मुलांसाठी सांगून ठेवतो.

हे दोन्ही चित्रपट मी पाहिले ते दूरदर्शनवर, ऐंशीच्या दशकात. आमचं मूळ घर चिंचणीला, तारापूरला लागून. मुंबईचं प्रक्षेपण आमच्याकडे जेमतेम पोचायचं. कौलांवर उंच बांबू, त्याला अँटेना, खाली बूस्टर, आणि वारा सुटला की एकानं वर चढून अँटेना वरळीच्या दिशेला फिरवायची आणि खालच्यांनी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर मुंग्या तर नेहमीच्याच. कधी कधी एका माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट दुसरी आकृती दिसायची. टीव्ही दुरुस्तीवाला त्याला 'घोस्ट' म्हणायचा. अशा पडद्यावर 'महल' पाहिलेला आहे मी. विर्शिंगनं केली नव्हती तेवढी भुतं आमच्या अँटेनानं केली.

आता काकू. घरच्या मंडळींना कोण ते कळेलच, नाव लिहीत नाही.

काका त्या काळात एका बुवाच्या नादी लागलेले. आठ-आठ दिवस घरी नसायचे, आणि असले तरी लक्ष तिकडेच. मोठं घर, माडी, मागं वाडी, मुलं शिकायला बाहेर. काकूला रात्री माडीवर पावलं ऐकू यायला लागली. ती दिवा लावून जिन्याखाली बसून राहायची. जेवण तुटलं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे. आमच्या भागात पुढचं सगळं ठरलेलं असतं. भगत आला, लिंबू, नारळ, कोंबडं झालं, उतारा तिठ्यावर ठेवला गेला. पावलं थांबली नाहीत. मग दुसरा पर्याय म्हणून कुणीतरी हळूच म्हणायचं, "ठाण्याला दाखवायचं का?" तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातच होतो (पालघर जिल्हा झाला २०१४ साली), आणि 'ठाण्याला' या शब्दाचा अर्थ तिथलं मनोरुग्णालय एवढाच होता. तो शब्द धमकीसारखा वापरला जायचा. म्हणजे बाईला एक तर भूत लागलेलं, नाही तर ती वेडी. तिसरा रकानाच नव्हता.

त्याच वर्षी कधीतरी एका रविवारी 'महल' लागला. खोली भरलेली. मधुबाला दिसेनाशी झाली आणि रंजनाचा भाग सुरू झाला की लोक पाय मोकळे करायला उठायचे. हा भाग मोठा आहे. हरिशंकर बायकोला घेऊन दूर रानात एका पडक्या घरात राहायला जातो, वटवाघळं, साप, आणि नवरा शून्यात बघत बसलेला. तिच्याशी बोलत नाही, तिला हात लावत नाही. शेवटी ती विष घेते आणि मरताना पोलिसांना सांगते की नवऱ्यानं विष दिलं. त्याला फाशीची शिक्षा होते. पुढे आपण आत्महत्या करणार असं तिनं लिहिलेलं पत्र उशिरा मिळतं म्हणून तो सुटतो.

आम्ही मुलं चिडलो. केवढी खोटारडी बाई! मी मोठ्यानं तसं म्हणालोही.

काकू भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "खोटं कुठं सांगितलं रे तिनं?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. आजी तेवढी तिच्याकडे बघत राहिली.

नंतर जेव्हा जेव्हा 'महल' पाहिला तेव्हा मी रंजनाचा भाग उठून न जाता पाहिला, आणि माझं मत असं झालंय की चित्रपटातली खरी भयकथा ती आहे. महालातल्या प्रसंगांत भीती देखणी आहे, पाहत राहावीशी. पडक्या घरात ती देखणी नाही. आणि हा भाग कुणाचं देणं लागतो असं मला दिसत नाही. कॅलिगरीत नायिकेला खांद्यावर टाकून छपरांवरून पळवून नेतात, तिला काय वाटलं हे कुणी विचारत नाही. 'व्हर्टिगो'त नायकावर जीव टाकणारी मिज अर्ध्यातच चित्रपटातून निघून जाते, पुन्हा दिसत नाही. अमरोहींनी मात्र दुर्लक्षित बाईला पडक्या घरात नेऊन बसवलं आणि कॅमेरा तिथं ठेवला, आणि मग तिच्या हाती कायद्याचं एक हत्यार दिलं. ते खोटं होतं की नाही, यावर काकूचं आणि कोर्टाचं मत वेगळं पडलं, एवढंच.

नंतरच्या चित्रपटांनी 'महल'कडून गाणं घेतलं, धुकं घेतलं, झोपाळा घेतला. रंजनाला फारसं कुणी घेतलं नाही. 'वह कौन थी?'त तर छळ होतो तो पुरुषाचा. तिचा सूर पुन्हा ऐकू यायला बराच काळ जावा लागला. मला तो विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त (२०१७) ऐकू आला. उसाच्या फडात एकटं घर, दिवस भरत आलेली पूजा सावंत, आणि तिनं दिसतंय म्हणून सांगितलेलं खरं मानायला कुणी तयार नाही. मुलीच नकोत म्हणणाऱ्या घरांची गोष्ट आहे ती. 'रोझमेरीज बेबी'ची छाया त्यावर आहे हे दिसतंच. मला तिथं रंजनाही दिसली.

विर्शिंगचं राहिलंच. तो जर्मनीला परत गेला नाही. अमरोहींबरोबर 'दिल अपना और प्रीत पराई' केला, मग 'पाकीज़ा' चित्रित करायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आधी, १९६७ साली वारला. 'पाकीज़ा' लागला १९७२ साली. त्याचे फोटो २०१७ साली पणजीच्या सेरेंडिपिटी महोत्सवात प्रदर्शनात मांडले गेले होते.

काकूला आजीनं त्या 'महल'च्या रविवारनंतर आठवड्याभरात पालघरला एका डॉक्टरकडे नेलं. ठाण्याला नाही. साधे फॅमिली डॉक्टर. त्यांनी तिला विचारलं, रात्री घरी कोण कोण असतं? काकू म्हणाली, कुणी नाही. त्यांनी झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांच्या दिल्या आणि आजीला सांगितलं की हिच्या सोबतीला कुणीतरी झोपत जा. तेव्हापासून आत्या माडीवर झोपायला लागली. काका बुवाकडून परत यायला आणखी तीन वर्षं लागली. पावलांचा विषय काकूनं पुन्हा काढला नाही, आणि आत्या घोरायची म्हणून तिच्याशी भांडण मात्र रोज करायची.